सातव्या ओळीतलं नाव

लोरेन, गुरुवार, ७ मार्च

प्रिय पॉलीन,

आशीर्वाद. पत्ता जुनाच घातला आहे. तू घर बदललं असशील तर हे पत्र तुला मिळणार नाही आणि मग हे वाक्य लिहिण्यातही अर्थ नाही. पण लिहिलंच आहे तर राहू दे, खाडाखोड केली की कागद वाईट दिसतो.

तू म्हणाली होतीस, "फोन करू नका. जे सांगायचं ते लिहून पाठवा, म्हणजे तुम्हाला मध्येच विषय बदलता येणार नाही." त्याला साडेपाच वर्षं होतील. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला पत्र लिहायला वेळ लागतो. इतका लागत नाही, हे मलाही कळतं.

इथे सगळं ठीक आहे. तळघरातली हीटरची भट्टी रात्रंदिवस खडखडते. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. काही बिघाड नाही म्हणतो. बिघाड नाही तर खडखडते कशाला? तिसऱ्यांदा फोन केला तर तो उचलला नाही. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा मी पुढे ढकलला आहे. एकाच वेळी दोन्ही बिघडले तर काय करायचं?

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. फुटबॉलचा ड्राफ्ट जवळ आला. इस्टरनंतरच्या गुरुवारी सगळे संघ कॉलेजातली पोरं आळीपाळीने उचलणार, सर्वांत जास्त हरलेला संघ आधी. आपला संघ नेहमीसारखा भरपूर हरला, त्यामुळे पाचवा नंबर आहे. मंडळाच्या स्लोव्हाक हॉलमध्ये स्पर्धेची लाकडी पेटी बाहेर आली आहे. नियम तेच. आपला संघ सात फेऱ्यांत कोणाला घेईल त्याच्या सात ओळी लिहायच्या, पाकीट बंद करून गुरुवारी पाचच्या आत पेटीत टाकायचं. नाव बरोबर आलं की तीन गुण, नुसती खेळायची जागा बरोबर आली की एक. जिंकेल तो वर्षभर टीव्हीसमोरच्या हिरव्या खुर्चीत बसणार.

यंदा स्पर्धेचं चाळिसावं वर्ष. डोलोरेस यूरिक आता हॉलची सेक्रेटरी आहे, तुझ्या वर्गात होती ती. काल घरी आली. म्हणाली, "एमिलकाका, कमिटीने ठरवलंय. यंदापासून एक कप ठेवायचा आणि त्याला तुमचं नाव द्यायचं. हुदाक कप. चौदा वेळा जिंकलेला दुसरा कोण आहे, तुम्हीच सांगा!"

मी म्हणालो, विचार करून सांगतो. तुला आवडेल असं वाटलं, म्हणून कळवलं.

तुझा,
पपा

ता. क. हेच पत्र उतरवून काढून दुसऱ्या पाकिटातूनही पाठवतो आहे. एक हरवलं तर दुसरं पोचेल.


शुक्रवार, १५ मार्च

प्रिय पॉलीन,

उत्तर नाही. हरकत नाही. टपालाला आजकाल वेळ लागतो, आणि तुझं ऑरेगन काही इथे नाही, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आज हॉलमध्ये इस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारचे तळलेले मासे होते, मांस चालत नाही म्हणून. बर्नी टोथ माझ्याच टेबलावर येऊन बसला. तो तसाच आहे, फक्त पोट वाढलं आहे. नऊ वेळा दुसरा आलेला माणूस, त्यामुळे मला बघितलं की त्याची जीभ वळवळते.

"काय प्रोफेसर, यंदा काय म्हणतात ग्रहतारे?"

"बघू."

"गेल्या साली तुला किती गुण पडले रे? दोन! माझ्या कुत्र्याला वर्तमानपत्रावर पंजा ठेवायला लावला असता तरी तीन आले असते."

डोलोरेस ताट घेऊन चालली होती, ती थांबली. "गप बसा हो बर्नीकाका. टिलीकाकू गेल्यापासून त्यांचं मन लागत नाही कशात. माणसाचं दुःख दिसत नाही का तुम्हाला?"

बर्नीने मान खाली घातली आणि मला स्वतःच्या ताटातला एक मासा दिला. मी तो खाल्ला. पाच वर्षं मी असेच मासे खातो आहे, पॉलीन. सगळे म्हणतात दुःखामुळे प्रोफेसरची खेळाडू हेरायची नजर गेली. मी ताटाकडे बघतो आणि काही बोलत नाही.

कपाबद्दल मी एक विचार केला. हुदाक हे काही माझ्या एकट्याचं आडनाव नाही. तुझी आईसुद्धा लग्नानंतर बेचाळीस वर्षं हुदाकच होती. म्हणजे हुदाक कप म्हटलं की त्यात तिचंही नाव आलंच. कोणाला वेगळं काही सांगायची गरज पडणार नाही. तुला काय वाटतं?

भट्टी अजून खडखडते.

पपा


शुक्रवार, २९ मार्च

प्रिय पॉलीन,

पार्सल मंगळवारी मिळालं. टपालवाल्याने ते पायरीवर ठेवलं आणि निघून गेला. पाऊस आला असता तर? पण आला नाही.

आत चिठ्ठी नव्हती. मी सगळं शोधलं. बांधणीचा कागद टेबलावर सपाट करून दोन्ही बाजूंनी बघितला. मग लक्षात आलं की चिठ्ठी नाहीच, फक्त डबा आहे. तुझ्या आईचा पाककृतींचा निळा पत्र्याचा डबा. दफन झाल्यावर तू घरातून एवढी एकच वस्तू नेलीस. मी तेव्हा मनात म्हणालो होतो, चांदीचे चमचे सोडून डबा कशाला नेते ही पोरगी?

आता कळलं. तुझे आभार मानतो. हे वाक्य मी आधी कच्च्या कागदावर लिहून बघितलं, पण याहून चांगलं जमलं नाही.

डब्यात पुढे बटाटा भरलेल्या पिरोगी, मग कोबीच्या शेवया, मग अक्रोडाची गुंडाळी पोळी. आणि अक्रोडाच्या मागे ती कार्डं. दर वर्षाचं एक. सात ओळी, सात नावं, आणि पाठीमागे बारीक अक्षरात तिने प्रत्येक नाव का घेतलं ते. ती कार्डं आहेत हे मला माहीत नव्हतं. ती मला फक्त पक्की यादी द्यायची. मी ती माझ्या अक्षरात उतरवायचो आणि पेटीत टाकायचो.

हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. तुला माहीतच होतं. तरी लिहिलं.

भिंग घेऊन रोज दोन कार्डं वाचतो. तू लहानपणी तिच्या पायाशी बसून ऐकायचीस, ते मला आता वाचावं लागतं. ती कपडे इस्त्री करताना रेडिओवर सगळ्यांचं बोलणं ऐकायची, पण मार्च संपला की रेडिओ बंद. एका कार्डावर लिहिलं आहे, "एप्रिलमध्ये सगळे खोटं बोलतात. आता ऐकू नये." दुसऱ्या एकावर, "प्रशिक्षक या मुलाचं फार कौतुक करतो आहे, म्हणजे घेणार नाही. जुनी मोटार विकत घ्यायला गेलेला माणूस मालकासमोर मोटारीची स्तुती करतो का?"

आणि जवळजवळ प्रत्येक कार्डावर एकच प्रश्न: "गेल्या हंगामात यांची लाज कुठे गेली?" मैदानावर चारचौघांत संघाचं हसं जिथे झालं असेल, तिथेच ते आधी ठिगळ लावणार, असा तिचा हिशेब. बाकीचे सगळे सर्वांत भारी पोरगा कोण ते बघायचे. ती बघायची की संघ चालवणाऱ्या माणसाला झोप कशामुळे लागत नाही. ते तिला कुठून कळलं असेल? माझ्यासारख्या काळजीखोर माणसाबरोबर इतकी वर्षं राहिली, त्यामुळे असेल.

हे वाचताना मला रडू आलं नाही. उलट बरं वाटलं. बाई माझ्या घरात होती आणि माझ्या शेजारी बसून जेवत होती. इतकं चांगलं डोकं माझ्या वाट्याला आलं, देवाने दुसऱ्या कोणाच्या घरी पाठवलं नाही.

एका कार्डाविषयी नंतर लिहीन.

पपा


सोमवार, ८ एप्रिल

पॉलीन,

तीन वेळा हे पत्र लिहायला बसलो आणि तीन वेळा उठून तळघरात जाऊन भट्टी बघून आलो. आता दार लावून घेतलं आहे.

ते कार्ड अठ्ठ्याण्णव सालचं. तुला माहीत आहे, म्हणूनच तू डबा पाठवलास. बाकीच्या कार्डांवर वर नाव नाही. याच्यावर आहे. तिच्या सुंदर अक्षरात "ओटिलिया हुदाक". त्यावर एक रेघ. आणि खाली, "एमिल हुदाक".

आधी सुरुवातीचं सांगतो. आम्ही यादी टाकायला लागलो तेव्हा हॉलचे सभासद फक्त कारखान्यातले पुरुष. बायका स्वयंपाकघरात. तिची यादी माझ्या नावाने जायची यात तेव्हा कोणाचा दोष नव्हता. पहिल्यांदा जिंकलो तेव्हा आम्ही दोघं घरी येऊन इतके हसलो की तू जागी झालीस. मग लोक मला प्रोफेसर म्हणायला लागले. मी, ज्याला कारखान्यात सुरक्षेची पाटी वाचायला दोन मिनिटं लागायची. सुपरवायझरसुद्धा म्हणायचा, "प्रोफेसर, यंदा कोण?" तू विचार कर, त्या माणसाने मला आधी नावानेही कधी हाक मारली नव्हती.

अठ्ठ्याण्णव साली हॉलने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं. नोटीस लागली. ती मी वाचली आणि घरी सांगितली नाही. तिला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. यादी द्यायच्या दिवशी ती म्हणाली, "एमिल, यंदा माझ्या नावाने टाकू या का? गंमत."

मी म्हणालो, "आणि लोक काय म्हणतील? इतकी वर्षं मी काय करत होतो असं विचारतील."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. मग हसली. "बरोबर आहे. राहू दे." मी तिचा चेहरा बघितला नाही, कारण मी टोपी शोधत होतो. टोपी माझ्या डोक्यावरच होती. त्यानंतर पंधरा वर्षं तिने पुन्हा विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. त्या पंधरा वर्षांत आम्ही सात वेळा जिंकलो. मी जिंकलो, असं लोक म्हणाले.

आणि मग ते दफनानंतरचं जेवण. त्या साली आमचीच यादी पहिली आली होती, म्हणून मला हिरव्या खुर्चीत बसवलं. बर्नीने ग्लास उचलला. "प्रोफेसरसाठी! बिचाऱ्याला आता जेवायला कोण घालणार?" त्याच्या मनात वाईट नव्हतं. सगळे प्यायले. तू समोर उभी होतीस, आणि नुसती माझ्याकडे बघत होतीस. तू वाट बघते आहेस हे मला कळत होतं. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं की ती नुसती जेवायला घालत नव्हती.

मी म्हणालो, "आभारी आहे, बर्नी."

तू कोट घेऊन निघालीस. ऑरेगनला गेल्यावर तू फोनवर जे बोललीस त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. तेव्हा मला वाटलं, पोरगी फार कठोर आहे. आता वाटतं, त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या तोंडून खरं निघेल अशी अपेक्षा करणारी तू एकटी होतीस. बाकी कोणी माझ्याकडून काही मागितलंच नव्हतं. त्याबद्दलही मला तुझे आभार मानायचे आहेत. हे उलटं वाटेल, पण तसंच आहे.

हुदाक कपाबद्दल मी जे लिहिलं होतं ते फाडून टाक.

पपा


गुरुवार, १८ एप्रिल

प्रिय पॉलीन,

उत्तर नाही, आणि मी ते मागतही नाही. डबा पाठवलास हे पुष्कळ झालं.

मी यादी केली. स्वतः केली, पण यंदा तिच्या पद्धतीने. सबंध मार्च रेडिओ ऐकला आणि एक तारखेला बंद केला. बंद केल्यावर घर इतकं शांत झालं की भट्टीचा आवाज आवडायला लागला.

वाचनालयात चार दुपारी गेलो. तिथली मुलगी दूरदूरच्या गावांची वर्तमानपत्रं शोधून देते आणि अक्षर मोठं करून देते. मी ओळीवर बोट ठेवून वाचतो. ती घाई करत नाही. तिला मी अक्रोडाची पोळी नेऊन दिली, तुझ्या आईच्या कार्डावरून केलेली. जरा कडक झाली होती. तिने खाल्ली.

आता ऐक. सगळे म्हणतात आपला संघ पहिल्या फेरीत तो टेरेल विगफॉल घेणार. चेंडू झेलायला हवेत उडणारा पोरगा. प्रशिक्षकही त्याची इतकी स्तुती करतो की विचारू नकोस. मी टिलीचा प्रश्न विचारला. गेल्या हंगामात आपली लाज कुठे गेली? नोव्हेंबरात, स्वतःच्या मैदानावर, शेजारच्या संघाने चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकला डाव्या बाजूने येऊन सात वेळा जमिनीवर लोळवलं. सातव्या वेळी लोक हसले. मी तिथे नव्हतो, पण ते हसू मला टीव्हीवरही ऐकू आलं. म्हणजे त्याच्या डाव्या अंगाला भिंतीसारखा उभा राहील असा गडी हवा. मी नोआ ब्रँडव्होल्डचं नाव लिहिलं. मिनेसोटातल्या दूधवाल्याचा मुलगा आहे. त्याच्याविषयी आपल्या संघातला एकही माणूस एक शब्द बोललेला नाही.

सातव्या ओळीत चेंडूला लाथ मारणारा किकर घातला आहे. डिसेंबरात सरोवरावरच्या वाऱ्याने आपल्या किकरचे दोन फटके बाजूला नेले आणि त्यात सामना गेला. मेन राज्यातल्या समुद्रकाठच्या एका छोट्या कॉलेजात ल्यूक टिबेट्स नावाचा मुलगा आहे. तिथे कायम वारा असतो, आणि त्याचे फटके चुकत नाहीत. त्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही. तुझी आई सातव्या ओळीत नेहमी असाच कोणीतरी घालायची.

पाकिटावर मी माझं नाव घालणार नाही. तिचं घालणार. आणि पेटीत टाकायच्या आधी उभा राहून का ते सांगणार. मी हे लिहितो आहे म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

मला भीती वाटते. मी ऐंशी वर्षांचा आहे आणि माझ्याकडे बढाई मारण्यासारखी एकच गोष्ट होती. ती खोटी असली तरी लोक मला बघून खुर्ची ओढायचे. पुढच्या शुक्रवारी माझ्या टेबलावर कोण बसेल? ऐनवेळी शब्दच विसरलो तर? मी सगळं एका कार्डावर लिहून नेणार आहे, मोठ्या अक्षरात.

इस्टरच्या शुभेच्छा, बाळा.

पपा


शुक्रवार, २६ एप्रिल, सकाळ

पॉलीन, माझ्या पोरी,

सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर गोंधळ होईल.

काल साडेचारला हॉलवर पोचलो. चाळीसेक माणसं होती. डोलोरेस पेटीजवळ बसली होती. मी टेबलावर हात ठेवून उभा राहिलो आणि खिशात कार्ड शोधलं. कार्ड घरी राहिलं होतं. स्वयंपाकघरात, विसरू नये म्हणून भट्टीच्या किल्लीखाली ठेवलं होतं.

मग मी तसाच बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. यादी टिली करायची, सगळ्या याद्या, जिंकलेल्या चौदाच्या चौदा, मी फक्त उतरवून काढायचो. अठ्ठ्याण्णव साली तिने तिच्या नावाने टाकू का विचारलं आणि मी नको म्हणालो. कपाला माझं नाव देऊ नका. एवढं सांगितलं.

स्वयंपाकघरात तेल तडतडत होतं. पहिला उठला तो बर्नी. चेहरा लालबुंद.

"म्हणजे चौदा वेळा मी टिलीकडून हरलो?"

"हो."

"आणि मला हिणवत होतास तू! 'बर्नी, जरा वाचत जा, बर्नी, जरा वाचत जा.' सव्वीस वर्षं! आणि तुला स्वतःला वाचता येत नव्हतं?"

"येतं. हळू येतं."

"हळू येतं म्हणे!" तो टेबलावर हात आपटणार होता, पण मध्येच थांबला. "अरे देवा. दर एप्रिलला मी तुझ्या घरी यायचो. तिच्या हातच्या पिरोगी खायचो आणि तिलाच विचारायचो, 'टिली, सांग ना, यंदा नवऱ्याच्या डोक्यात काय शिजतंय?' आणि ती म्हणायची, 'मला बाई काय कळतं त्यातलं. अजून दोन वाढू?'"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळा हॉल हसायला लागला. बर्नीही हसला, आणि हसता हसता त्याने रुमाल काढून नाक शिंकरलं. मला म्हणाला, "तुझ्याशी मी अजून बोलत नाहीये, कळलं? पण बस खाली, पडशील."

मी पाकीट पुढे केलं. वर लिहिलेलं नाव डोलोरेसने वाचलं आणि ती माझ्याकडे विचित्र बघायला लागली.

"एमिलकाका, एक अडचण आहे. या नावाचं एक पाकीट कालच टपालाने आलंय. कोणाला सांगू कळेना."

तिने ते पेटीतून काढलं. "ओटिलिया हुदाक." तुझं अक्षर मी दुरून ओळखलं. आईसारखाच उ काढतेस.

बर्नी म्हणाला, "गेलेल्या माणसाच्या दोन-दोन याद्या? नियम काय?"

डोलोरेस म्हणाली, "नियम एवढाच की पाकीट पाचच्या आत पेटीत पाहिजे, आणि एका नावाची एकच यादी. गेलेल्यांनी टाकू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. सांगा काका, कुठली ठेवू?"

मी म्हणालो, "तिची. मुलीची."

तिने तुझं पाकीट उघडून सगळ्यांसमोर वाचलं. पहिली ओळ, नोआ ब्रँडव्होल्ड. माझी पहिली ओळही तीच होती. मी खुर्चीची पाठ धरली. तू तीन हजार किलोमीटरवर आणि मी इथे, आणि आपण दोघांनी त्या बाईचा एकच प्रश्न विचारला होता. दुसरी ते सहावी आपल्या वेगळ्या आहेत. तुझ्या चांगल्या आहेत.

सातव्या ओळीशी डोलोरेस थांबली. म्हणाली, "इथे नाव नाही. इथे लिहिलंय, 'सातवं नाव पपा सांगतील.'"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घड्याळात पाचला बारा मिनिटं होती. बर्नी ओरडला, "अरे बोल ना! आता कशाला उशीर करतोस?" मी नाव सांगितलं. डोलोरेसने तुझ्या अक्षराखाली लिहिलं, ल्यूक टिबेट्स.

मग आठ वाजता ड्राफ्ट सुरू झाला. आपला पाचवा नंबर आला. मंचावर माणूस आला आणि त्याने कागद वाचला. ब्रँडव्होल्ड. हॉलमध्ये तो आरडाओरडा झाला की मी कानावर हात ठेवले. बर्नीने विगफॉल लिहिला होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मेल्यावरसुद्धा सोडत नाही ही बाई मला."

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते. तुझं पाकीट मी मागून घेतलं. सकाळी खिडकीजवळ भिंगातून टपालाचा शिक्का बघितला. सोळा एप्रिल. मी उभा राहून सांगणार आहे हे तुला ज्या पत्रात लिहिलं ते अठराला टाकलं. म्हणजे सातवी ओळ माझ्यासाठी रिकामी ठेवलीस तेव्हा मी हॉलमध्ये बोलायचं काही कबूल केलेलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर तीच ओळ भर हॉलमध्ये वाचली गेली असती आणि माझी उरलीसुरली अब्रूही गेली असती, असं आधी मनात आलं. पण तू ती तशासाठी ठेवली नव्हतीस. मी बोलेन असं तुला वाटलं होतं. मला स्वतःला वाटायच्या आधी.

शिक्का मी चार वेळा बघितला. सोळाच आहे.

पपा


रविवार, २८ एप्रिल

प्रिय पॉलीन,

निकाल लागला. बर्नी सात गुण, टिली सहा. चाळीस वर्षांत बर्नी पहिल्यांदा पहिला आला. हिरव्या खुर्चीत तो असा पसरून बसला की जणू त्यातच जन्मला. म्हणतो, "प्रोफेसरला हरवलं असतं तर काय मोठंसं. मी टिलीला हरवलंय!" दहा जणांना तरी सांगून झालं.

सातव्या ओळीचं ऐक. काल मी दिवसभर त्या एका नावासाठी टीव्हीसमोर बसलो. सहावी फेरी संपली, सातवी लागली, आपला नंबर येईना. शेवटी कळलं की आपल्या संघाने सातव्या फेरीचा हक्क दुसऱ्या संघाला देऊन टाकला होता, चौथ्या फेरीत जरा वर सरकण्यासाठी. म्हणजे आपल्याला सातवी ओळच नव्हती.

बर्नी खुर्चीतून म्हणाला, "बघ एमिल, पाच वर्षांत पहिल्यांदा तुझी ओळ चुकली नाही!" मला प्रोफेसर म्हणायचं त्याने सोडलं आहे. आणि शुक्रवारी जेवणाच्या वेळी तो माझ्याच टेबलावर बसला होता. बोलत नाहीये असं सांगून तासभर बोलला.

कपावर तुझ्या आईचं नाव कोरायला दिलं आहे. ओटिलिया हुदाक, पूर्ण. कप सप्टेंबरात हंगामाच्या पहिल्या रविवारी हॉलमध्ये ठेवायचा आहे. भट्टी काल आपोआप बंद पडली. मेकॅनिक उद्या येतो म्हणाला, या वेळी खराच बिघाड आहे. मला जरा हायसं वाटलं.

आज सकाळी वर्तमानपत्र वाचलं, बोट ठेवून, शेवटच्या पानापर्यंत. तिथे खाली बारीक अक्षरात ज्यांना कोणत्याच फेरीत कोणी घेतलं नाही त्या पोरांची बातमी होती. ड्राफ्ट संपल्यावर संघ अशांपैकी काहींना थेट घरी फोन करून बोलावतात. आपल्या संघाने चौघांना बोलावलं. चौथा ल्यूक टिबेट्स. त्याची आई म्हणते, सातही फेऱ्यांत नाव आलं नाही, म्हणून पोरगा बाहेर लाकडं फोडायला गेला होता. फोन तिनेच उचलला.

डोलोरेसला मी सांगितलं. तिने नियम बघितले आणि म्हणाली, "फेरीत आलं नाही, तर गुण नाही. पण काका, बोलावलं तर खरं." हॉलच्या भिंतीवर लावलेल्या यादीत ते नाव तसंच राहील, सप्टेंबरपर्यंत, तुझ्या अक्षराखाली.

पॉलीन, तू मला लिहायला लावलंस ते बरं केलंस. बोललो असतो तर मी खरंच विषय बदलला असता. आता मला सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं आहे.

माझा नंबर तोच आहे. फोन स्वयंपाकघरातच आहे, आईच्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी. मी तिथेच बसलेला असतो. बाहेर लाकडं फोडायला माझ्याकडे काही नाहीत.

तुझा आभारी,
पपा